तपासणाऱ्याचा चौकोन

तुम्ही स्वतःच्या मताखाली स्वतःचं पूर्ण नाव शेवटचं कधी लिहिलंत? रिक्षावाल्याला दिलेले तारे यात धरू नका. घरपोच आलेल्या जेवणाखाली दाबलेला अंगठाही धरू नका. मी विचारतेय ते मत, जे तुम्ही शब्दांत लिहिलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि ज्याच्याखाली नाव आणि आडनाव लिहून मगच हात बाजूला घेतला. आठवतंय? मला माझं आठवतं, कारण ते रद्द झालं होतं.

एप्रिल पुन्हा आलाय. बदलापुरात एप्रिल कळतो तो स्टेशनबाहेरच्या फळांच्या पाट्यांवरून. डोंगराकडच्या बायका पळसाच्या पानांवर करवंदं मांडून बसतात, शेजारी ओल्या फडक्याखाली ताडगोळे. भर दुपारी रस्ते रिकामे होतात, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं, आणि झेरॉक्सच्या दुकानांत मात्र पाय ठेवायला जागा नसते. कॉलेजातली मुलं जर्नलं, फायली, स्पायरल बाइंडिंग केलेले प्रोजेक्ट छातीशी धरून उभी. सबमिशनचा सीझन. या सीझनला स्वतःचा एक वास आहे. तापलेल्या मशीनमधून निघालेल्या कागदाचा, डिंकाचा, घामाचा, आणि अंबरनाथकडून वारा आलाच तर कारखान्यांचा तो गोडसर, घशाला चिकटून राहणारा वास. हा वास आला की मला अजूनही काहीतरी सादर करायचं राहून गेल्यासारखं वाटतं.

परवा जेवताना माझी धाकटी बहीण गौरी फोन पुढे करून म्हणाली, ताई, यात काय भरू? ती माझ्याच इंजिनीअरिंग कॉलेजात, माझ्याच सिव्हिल शाखेत शेवटच्या वर्षाला आहे. सगळ्या विषयांवर आणि शिक्षकांवर मत द्यायची लिंक आली होती. ती भरल्याशिवाय हॉल तिकीट मिळत नाही, म्हणून सगळे भरतात. गौरीने भराभर गोल काळे केले होते, एका ठिकाणी अडली होती. विषय, अभियांत्रिकी नीतिशास्त्र. शिक्षकाच्या नावाची जागा कोरी.

"शिकवायला कुणी नव्हतंच ना," गौरी म्हणाली. "व्हिडिओ होते. मी ते दुप्पट स्पीडवर लावून भांडी घासली."

मी म्हटलं, मग तसंच लिही.

"तसं लिहायला जागा नाहीये, ताई. पाच गोल आहेत फक्त."

आई म्हणाली, पाच दे आणि जेव. गौरीने पाच दिले आणि ती जेवली. माझ्या ताटातला भात मात्र गार झाला. त्या कोऱ्या जागेत एकेकाळी एक नाव होतं, आणि ते तिथून कसं गेलं, हे मला माहीत आहे.

सावंत मॅडम आम्हाला शेवटच्या सेमिस्टरला आल्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घ्याल तितकेच तुम्ही कॉलेजच्या. एथिक्सचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवलेला, कारण त्या वेळी कुणाला दुसरा विषय नको असतो. वर्गात डब्यांचा वास दरवळत असायचा, पंखे गरम हवाच फिरवत बसायचे, मागच्या बाकांवर मुलं डोकी टेकायची. खिडकीतून मलंगगडाचा डोंगर उन्हात पांढुरका झालेला दिसायचा. विषयाबद्दल सीनियर मुलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की काही करायचं नसतं, खरं बोलावे, लाच घेऊ नये असं चार पानं लिहिलं की पास.

मॅडम चाळिशीच्या आसपासच्या, कॉटनच्या साडीत, आवाज बारीक. आधी कुठल्याशा कारखान्यात सुरक्षा विभागात होत्या एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळे वर्गाने त्यांच्यासाठी एक कथा तयार केली होती, की मॅडमनी कुठल्यातरी कागदावर सही करायला नकार दिला आणि नोकरीवर लाथ मारली. मला ती कथा फार आवडायची. एकदा मी त्यांना सरळ विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, नाही गं, माझी आई आजारी होती.

पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक ड्रॉइंग दिलं. एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी. आमच्या धंद्यात प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकोन असतात. काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर केलं कोणी. कॉलेजात आम्ही पहिल्या चौकोनात आपलं नाव घालायचो. मधला चौकोन सर न बघता सही करून भरायचे, तिसरा रिकामाच राहायचा. मॅडम म्हणाल्या, हे बघा आणि मधल्या चौकोनात सही करा. तास लवकर सुटेल या आशेने आम्ही सगळ्यांनी सह्या ठोकल्या. मीही ठोकली.

मॅडमनी कागद गोळा केले, एकेक बघितला, आणि त्याच बारीक आवाजात म्हणाल्या, "यात रेलिंगची उंचीच लिहिलेली नाही. म्हणजे बांधणारा त्याला वाटेल तेवढी ठेवेल. या गॅलरीतून कोण पडेल ते मला माहीत नाही. तपासलं कोणी, ते मात्र आता माहीत आहे."

 मागच्या बाकावरचे दोघे सरळ बसले. मॅडम रागावल्या नाहीत, पुढे भाषणही केलं नाही. पाठ वळवून फळा पुसला आणि कोपऱ्यात खडूने तीन चौकोन काढले. पुढे दर तासाला, बाकी सगळा फळा पुसला तरी ते तीन चौकोन त्या तसेच ठेवायच्या.

मला ते चौकोन ओळखीचे वाटले, त्याचं कारण आमचं घर. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनचं काम बघायचे. मी गोष्टींच्या पुस्तकांवर वाचायला शिकले नाही, पत्रकांवर शिकले. पिवळ्या, गुलाबी, पोपटी कागदावरची पत्रकं, वर मोठ्या अक्षरांत ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’, मध्ये मागण्या, आणि अगदी तळाशी बारीक टायपात प्रकाशकाचं आणि मुद्रकाचं नाव. उल्हासनगरात कॅम्प चारमध्ये एक सिंधी काका ती छापून द्यायचे. त्यांना मराठी बोलायला जमायचं नाही, वाचायला जमायचं. मजकूर कितीही जहाल असो, ते फक्त एकच गोष्ट विचारायचे, "साईं, नीचे किसका नाम डालूँ?" बाबा म्हणायचे, खाली नाव नसेल तर ते पत्रक नाही, ती मुतारीतल्या भिंतीवरची शिवी.

कारखाना बंद झाला. संध्याकाळी ज्या चपलांनी आमचा उंबरा भरून जायचा, त्या यायच्या बंद झाल्या. आई अजूनही अंदाज चुकून चहाचं पातेलं मोठंच चढवते. बाबा टीव्ही बघतात. कपाटाच्या वरच्या फळीवर पत्रकांचे गठ्ठे आहेत, सुतळीने बांधलेले, आणि त्यांच्यावरची धूळ पुसायचं काम माझ्याकडे आहे. अशा घरातून मी कॉलेजात गेले तेव्हा माझ्या बोलण्यात ‘निषेध’, ‘जाहीर’, ‘भांडवलदार’ असले शब्द सहज यायचे. वर्गाने माझं नाव ठेवलं ‘पत्रक’. ए पत्रक, डबा आणलास का. ए पत्रक, कॅन्टीनवाल्याविरुद्ध मोर्चा काढ ना, समोश्यात बटाटाच नाही. मी खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसायचे. शेजारची जागा बहुतेक वेळा माझ्या बॅगेची असायची.

तर मॅडमचे तास. त्यात खरं काय घडलं ते सांगते, कारण ते पुढे कुणीच सांगितलं नाही.

आमचा वर्गप्रतिनिधी होता जतीन, उल्हासनगर कॅम्प पाचचा. त्याच्या वडिलांचं जीन्स धुण्याचं आणि रंगवण्याचं छोटं युनिट. जतीन सकाळी डबा भरून दाल-पकवान आणायचा आणि सगळ्या वर्गाला वाटायचा, त्यामुळे त्याच्याविरुद्ध निवडणुकीला कुणी उभंच राहायचं नाही. एकदा मॅडमनी सांगितलं की तुमच्या घरी किंवा गल्लीत बनणारी एक वस्तू आणा. जतीनने जीन्स आणली, ऐटीत हवेत फडकावून दाखवली. मॅडमनी कापडाला हात लावून बघितला, छान आहे म्हणाल्या आणि विचारलं की धुतल्यावर पाण्याचा रंग कुठला होतो. निळा, जतीन म्हणाला. ते पाणी कुठे जातं? नाली में. आणि नाली? "आगे तो मॅडम, सबका एक ही नाला है." वर्ग खदखदून हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, बघून ये एकदा, मलाही सांग.

मला वाटलं, हा कशाला जातोय. पण काही दिवसांनी मी असाइनमेंट द्यायला स्टाफरूमच्या बाहेर उभी होते तेव्हा जतीन मॅडमशी बोलत होता. कधी नव्हे तो हळू आवाजात. तो स्कूटरवरून त्या नाल्याच्या कडेने वालधुनी नदीपर्यंत गेला होता. "वहाँ एक हँडपंप है, मॅडम. किसीने तार से बाँध के रखा है, कोई चलाए नहीं इसलिए." थोडा थांबून तो म्हणाला, "बचपन में मैंने उसका पानी पिया है."  आपल्या शेजारची खुर्ची मॅडमनी सरकवली आणि तो बसला. मी असाइनमेंट न देताच परत फिरले. ती जागा माझी नव्हती.

दुसरी शिल्पा, वांगणीची. एका शब्दाचं उत्तर देतानाही मान खाली घालणारी. तिच्या वडिलांनी शेताचा तुकडा विकून तिथेच उभ्या राहिलेल्या नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. गॅलरीच्या त्या तासानंतर शिल्पा घरी गेली, आईच्या शिवणाची टेप काढली आणि नव्या घराच्या गॅलरीचं रेलिंग मोजलं. ते तिच्या कमरेच्याही खाली येत होतं. मग तिने खालच्या मजल्यांवरची मोजली, सगळी तशीच. वडील आधी तिच्यावरच चिडले, मग बिल्डरच्या माणसावर, आणि शेवटी चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या रेलिंगवर एकेक लोखंडी पाइप वेल्ड करून बसवला गेला. दिसायला भयंकर, रंगही वेगळा. हे तिने मला डबा खाताना सांगितलं, आणि पुढच्या क्षणी म्हणाली, मॅडमना सांगू नको हां, त्यांना वाटेल मी शायनिंग मारते.

एप्रिलात बातमी आली की एथिक्सचे तास बंद करायचा विचार चाललाय, मॅडमना पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. मुलांच्या अभिप्रायावर ठरेल म्हणे. त्या वेळी आमच्या वर्गाने जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं आणि आजही वाईट वाटतं. जतीनने ग्रुपवर टाकलं की सबने मॅडम को पाच में से पाच देना, कमेंट में मस्त मस्त लिखना, मॅडम को बचाना है. आणि सगळ्यांनी केलं. जी मुलं एकमेकांना जर्नल द्यायची नाहीत ती झेरॉक्सच्या रांगेत उभ्या उभ्या फोनवर कमेंट लिहीत होती, एकमेकांना वाचून दाखवत होती. जतीन माझ्याकडे बघून म्हणाला, "पत्रक, तू कुछ मत लिख. तू लिखेगी तो मॅडम अंदर जाएगी." सगळे हसले, मीसुद्धा हसले. त्या दुपारी पहिल्यांदाच मला वाटलं की मी या वर्गातली आहे.

तरी मी लिहिलं. बराच वेळ घेऊन, तीन परिच्छेद. आणि खाली माझं पूर्ण नाव, हजेरी क्रमांक, वर्ग. मी सगळ्यांना म्हटलं की तुम्हीही नावं लिहा, मॅडमनी सेमिस्टरभर दुसरं काय शिकवलं? मधला चौकोन आठवा. कुणी बुटाकडे बघितलं, कुणी रसवाल्याला ग्लास परत द्यायला गेलं. अजून परीक्षा व्हायच्या होत्या, व्हायव्हा व्हायच्या होत्या. शिल्पा मात्र हळूच म्हणाली, नावाची जागाच नाहीये ना त्यात. बरोबर होतं तिचं. नावाची जागा नव्हती. मी ते कमेंटच्या शेवटी लिहिलं होतं. उन्हात त्या रांगेत मी उभी होते, पुढे माणूस, मागे माणूस, आणि तरी मला वाटलं की मी एकटीच तिथे आहे.

दोन-चार दिवसांनी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. मी भांडणाची तयारी करून गेले. खोलीत कूलर चालू होता, वाळ्याचा गार वास. सर वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण माझ्या घरातल्या पत्रकांत वाईट माणसं नेहमी वेगळी ओळखू यायची. त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाले, बाळा, तू नाव का लिहिलंस? नाव असलेलं मत सिस्टीम धरत नाही. निनावी असतं म्हणूनच ते खरं मानतात. तुझं एक सोडून सगळी घेतली आहेत.

मी विचारलं की मग मॅडमचं काय.

"अगं, मॅडमना विभागात सगळ्यात चांगले गुण आहेत," सर आनंदाने म्हणाले, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून वाचून दाखवू लागले. मॅडम एकदम चिल आहेत. अटेंडन्सचं टेन्शन नाही. सिलॅबसच्या मागे लागत नाहीत. कधीच ओरडत नाहीत. पास व्हायला सोपा विषय. मॅडम खूप स्वीट आहेत. बेस्ट सब्जेक्ट, अभ्यास करावा लागत नाही.

मी ऐकत होते. आमच्याकडे शिक्षकाची याहून मोठी स्तुती नसते. हजेरीवरून छळणाऱ्या, व्हायव्हात रडवणाऱ्या माणसांमध्ये चार वर्षं काढलेल्या मुलांकडे जेवढी चांगली नाणी होती, तेवढी सगळी त्यांनी मॅडमच्या ओंजळीत टाकली होती. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं.

"आता तूच सांग," सर म्हणाले. "मुलांनाच विषय इतका सोपा वाटतोय. स्वतः करण्यासारखा आहे. मग त्यावर तास का घालवायचे? व्हिडिओ देऊ, शेवटी छोटी टेस्ट ठेवू. मॅडमना मी स्वतः फोन करून अभिनंदन केलं."

मी बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये ऊन लादीवर आडवं पडलं होतं. रिकाम्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात तीन चौकोन अजून होते. वर्गाला मी हे सांगितलं. मग जतीनने विचारलं, आणि तो प्रश्न मला आजही ऐकू येतो. "पर अपन ने तो अच्छा ही लिखा था ना?"

निकाल लागून गेल्यावर, पाऊस ओसरल्यावर, मी मॅडमना भेटायला बदलापुरातच मांजर्लीला गेले. नदीपासून जवळ, तळमजल्यावरचं घर. आत भिंतीवर माझ्या कमरेच्या उंचीवर एक तपकिरी रेघ होती, पुराचं पाणी किती चढलं होतं त्याची. सगळीकडे रंग दिला होता, ती रेघ तेवढी ठेवली होती. पाचसहा शाळेची मुलं सतरंजीवर बसून गणितं सोडवत होती. मॅडमनी त्यांना पाण्याची रेघ किती उंचीवर आहे ते मोजायला लावलं आणि माझ्यासाठी चहा टाकला.

मी त्यांना माझं रद्द झालेलं मत दाखवलं. फोनमध्ये ठेवलंच होतं. मला वाटत होतं की एवढं तरी त्यांना मिळायला हवं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. शिक्षणाचं बाजारीकरण होतं त्यात, कंत्राटी पद्धतीचा निषेध होता, विवेकाचा आवाज वगैरे होता. तळाशी माझं नाव.

"छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या. मग फोन परत देत म्हणाल्या, "पण यात रेलिंग कुठे आहे?"

मी फोन बंद करून मांडीवर ठेवला. त्यांनी पुढे काही ताणलं नाही. जरा वेळाने, चहा गाळता गाळता, पाठमोऱ्या म्हणाल्या की मला आजवर इतके चांगले गुण कधी मिळाले नव्हते. त्या हसल्या की नाही ते मला दिसलं नाही. निघताना त्यांनी शिल्पाची चौकशी केली, जतीनची केली. मला सांगावंसं वाटलं की शिल्पाने पाइप बसवून घेतलाय. पण तिने मला नको म्हटलं होतं. मॅडम दारापर्यंत आल्या. मागे वळून बघितलं तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या, हातात एका पोराची टेप.

मी आता अंबरनाथच्या एका ऑफिसात ड्रॉइंग तपासते. हो, मधला चौकोन. सही करायला मला वेळ लागतो, आणि त्यावरून टोमणे रोज असतात. आली बघा तहसीलदार, सरकारी मोजणी चालू आहे. चहाला सगळे मिळून खाली जातात, मी पानावर पट्टी ठेवून बसलेली असते. कधी खरंच चूक सापडते, बहुतेक वेळा नाही सापडत. चूक न सापडलेल्या दिवशी तर आपण उगाच एकटे पडलो असंही वाटतं. ऑफिसच्या खिडकीतून तोच डोंगर दिसतो, दुसऱ्या बाजूने. मला घोषणा पाठ होत्या, एकटीने मान खाली घालून तपासत बसायची सवय नव्हती. ती सावंत मॅडमकडून आली. हे वाक्य मी त्यांना कधी म्हटलेलं नाही. तीन परिच्छेदांत ते मावलं नव्हतं.

गौरीच्या त्या पाच गोलांनंतर मला झोप लागेना, म्हणून सकाळी मी दोघांना मेसेज केला. मॅडमच्या तासामुळे तुझ्या हातून काय झालं, एवढंच लिही, आणि खाली नाव लिही. जतीन आता वडिलांच्या युनिटमध्येच बसतो. त्याचा आवाज आला, मागे मशीनची घरघर. "पत्रक, तू सुधरी नहीं."  मग म्हणाला की पाणी साफ करायची एक टाकी बसवायची म्हणतोय, पापा ऐकत नाहीत, रोज भांडण होतं. "लिखता हूँ," म्हणाला. अजून लिहिलेलं नाही.

शिल्पाने शब्द एकही पाठवला नाही. फोटो पाठवला. चौथ्या मजल्याची गॅलरी, जुन्या पांढऱ्या रेलिंगवर तो हिरवट जाड पाइप, त्यावर वाळत घातलेले टॉवेल, आणि पाइपला दोन्ही हातांनी धरून, पलीकडे काय आहे ते टाचा उंचावून बघणारी शेजारची एक लहान मुलगी. ती बिनधास्त टेकलेली आहे त्या पाइपला. तिला काय माहीत तो कुणी बसवला.

मी फोटोची प्रिंट काढली. त्याच झेरॉक्सच्या दुकानात, त्याच गर्दीत, त्याच वासात. मागच्या कोऱ्या बाजूवर तीन चौकोन आखले. मधल्यात लिहिलं, सावंत मॅडम. खाली माझं ते एक वाक्य आणि माझं नाव. शिल्पाला विचारलं की तुझं नाव लिहू का. दुपारपर्यंत उत्तर नव्हतं. मग आलं, लिही. येत्या रविवारी मी मांजर्लीला जाणार आहे. मॅडम अजून तिथेच आहेत की नाही मला माहीत नाही, त्यांचा जुना नंबर लागत नाही. भिंतीवरची रेघ असेल तर घर सापडेल.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. हा महिना मतं देण्याचा आहे. तुमच्या घरातल्या मुलाच्या फोनवर ती लिंक येईल, त्याच्या शेजारी बसा. गोल त्याला भरू दे. मग त्याला विचारा की या शिक्षकामुळे तू असं काय केलंस जे एरवी केलं नसतंस? आणि तोच प्रश्न स्वतःच्या एखाद्या शिक्षकाबद्दल स्वतःला विचारा. उत्तर एका वाक्यात लिहा. त्यात कौतुक नको, घडलेली गोष्ट हवी. खाली पूर्ण नाव लिहा. सिस्टीम ते घेणार नाही, म्हणून ते कागदावर लिहा आणि त्या माणसाचं दार शोधून त्याच्या हातात नेऊन द्या. ते दार अजून उघडतंय तोवर.